लंडनचं पत्र : नुसतं बसायचंय

भाचा शिकायला लंडनला आला, त्याला दोन महिने होत होते. एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "आत्या, फार कंटाळा आलाय. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की वीस पौंड गेलेच समज." नोव्हेंबर महिना होता. या दिवसांत इथे चारच्या सुमाराला अंधारून येतं. पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर नुसता भुरभुरत राहतो. भाड्याच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि खिडकीसमोर शेजाऱ्याची विटांची भिंत. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पाच माणसांमध्ये वाढलेल्या मुलाचा रविवार कसा जात असेल, ते मला सांगायला नको होतं. माझेही सुरुवातीचे रविवार तसेच गेले होते.

त्याचं लंडन म्हणजे घरच्यांनी बरोबर दिलेली यादी. आपल्याकडून येणारे बहुतेक पाहुणेही तीच घेऊन येतात : लंडन आय, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, टॉवरमधला कोहिनूर. या तीन ठिकाणांच्या तिकिटांत विद्यार्थ्याचं आठवड्याभराचं वाणसामान सहज येतं. मग 'लंडन फार महाग बुवा' असं म्हणत लोक परत जातात आणि तेच चारचौघांत सांगतात. घरभाडं महाग आहे, रेल्वे महाग आहे, यात काहीच खोटं नाही. पण कंटाळा घालवायला हे शहर महाग नाही, हे मला आज तुम्हाला पटवून द्यायचं आहे. मी भाच्याला म्हटलं, "दर रविवारी पाच पौंड खिशात घालून निघायचं, आणि संध्याकाळी त्यातले थोडे उरले पाहिजेत."

पहिल्या रविवारी मी त्याला बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या खिडकीत बसवलं. लाल बसचं तिकीट तेव्हा पावणेदोन पौंड होतं, आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. असं करत आम्ही पूर्वेला वुलिचच्या धक्क्यावर पोचलो. तिथे थेम्स ओलांडणारी बोट आहे आणि तिला तिकीटच नाही. १८८९ पासून ती फुकट चालते. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. त्याआधी काही वर्षं पश्चिमेकडच्या पुलांवरचे टोल सार्वजनिक पैशातून उठवले गेले होते. तेव्हा पूर्वेकडच्या कष्टकरी वस्तीने विचारलं की कर आम्हीही भरतो, मग नदी ओलांडायला आम्हीच का पैसे मोजायचे? त्या भांडणातून ही बोट मिळाली. पाच-दहा मिनिटांचा प्रवास, करडं पाणी, वरच्या अंगाला पूर अडवणाऱ्या बंधाऱ्याचे चकाकणारे घुमट. येताना आम्ही बोट सोडली आणि नदीच्या पोटातून चालत आलो, कारण तिथे १९१२ सालचा पादचारी बोगदाही आहे. त्यालाही पैसे नाहीत.

भाचा खूश होता आणि मला मात्र घरची आठवण येऊन राग येत होता. आम्ही लहान असताना बाबा आम्हाला भाऊच्या धक्क्यावर नेत आणि रेवसच्या बोटीत बसवत. भुईमुगाच्या शेंगा, डिझेलचा वास, मागे लागलेले सीगल. पलीकडे उतरायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या बोटीने परत. आमच्या वर्षातला तो सगळ्यात चांगला रविवार. मी भाच्याला विचारलं, "तू रेवसला कधी गेला होतास?" तो म्हणाला, "बोटीने? नाही. रविवारी आम्ही मॉलमध्ये जायचो." ज्या मुंबईला तिन्ही बाजूंनी पाणी आहे, तिच्या पोरांना आपण एसीतल्या सरकत्या जिन्यावर फिरवतो. बोट तर आपल्याकडेही आहे.

दुसऱ्या रविवारी पाऊस होता, म्हणून नदीकाठच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये शिरलो. १९५१ साली बांधलेलं हे मोठं संगीतगृह. आत मऊ खुर्च्या, गालिचे, ऊब, स्वच्छतागृह. एका कोपऱ्यात कॉलेजची मुलं अभ्यास करत होती, एक आजोबा पेपर वाचता वाचता पेंगत होते, कुणाचं तरी बाळ रांगत होतं. कार्यक्रमाचं तिकीट यांच्यापैकी कुणाकडेही असायची गरज नव्हती. भाचा खुर्चीच्या कडेवर टेकला होता आणि सारखा दाराकडे बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, "आत्या, कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"काय विचारेल?"

"काय काम आहे म्हणून."

"नुसतं बसायचंय म्हणून सांग."

कुणीही विचारलं नाही. आम्ही तीन तास बसलो. १९८३ साली त्या वेळच्या ग्रेटर लंडन कौन्सिलने ठरवलं की ही इमारत लोकांच्या पैशातली आहे, तर कार्यक्रम असो वा नसो, तिचे दिवाणखाने दिवसभर उघडे राहतील. तीन वर्षांनी ती कौन्सिलच बरखास्त झाली, पण दारं उघडीच राहिली. आपल्या गावोगावच्या नाट्यगृहांचे व्हरांडे आठवून बघा. नाटकाआधी अर्धा तास दिवे लागतात, शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत मागे कुलपाची साखळी वाजू लागते. एवढ्या चांगल्या जागा उरलेला दिवस अंधारात पडून असतात, आणि समोरच्या रस्त्यावर पोरं स्टँडला लावलेल्या बाइकवर बसून गप्पा मारतात, कारण बसायला दुसरं काही नाही.

त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर कवितांचं ग्रंथालय आहे, नॅशनल पोएट्री लायब्ररी. १९५३ साली सुरू झालेलं, कुणीही जाऊन बसावं असं. तिथे अरुण कोलटकरांच्या इंग्रजी कवितांचा संग्रह मी भाच्याच्या हातात दिला. कोलटकर मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये बसून वर्षानुवर्षं समोरचा रस्ता बघत. त्या बघण्यातून पुस्तक झालं. ते हॉटेल आता नाही. एक चहा मागवून कितीही वेळ बसू देणारी टेबलं शहरातून गेली की नेमकं काय जातं, ते सांगायला मला याहून दुसरं उदाहरण सुचत नाही.

मग संग्रहालयं. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडलं, तेही विनामूल्य. मधल्या काळात इथल्या इतर काही राष्ट्रीय संग्रहालयांनी तिकिटं लावली होती. ती डिसेंबर २००१ मध्ये सरकारने काढून टाकली. यातून पैसे वाचतात हा फायदा छोटा आहे. मोठा फायदा मला इथे राहून कळला : फुकट असेल तर वीस मिनिटांसाठी जाता येतं. एकच चित्र बघावं, दोन बाकं सोडून बसावं, घरी यावं. आमच्या लहानपणी बाबा सगळ्यांची तिकिटं काढत, म्हणून एकही दालन सोडणं पाप असे. पाय दुखून रडू येईपर्यंत आम्ही भांडी, नाणी आणि तलवारी बघत फिरलो, आणि त्यानंतर कित्येक वर्षं संग्रहालय म्हटलं की माझे पाय दुखत.

एकच वस्तू बघायचं सुख या शहराने वाईट दिवसांत शिकून घेतलं. दुसऱ्या महायुद्धात नॅशनल गॅलरीतली चित्रं बाँबच्या भीतीने वेल्सला हलवली आणि भिंती रिकाम्या झाल्या. १९३९ च्या ऑक्टोबरपासून मायरा हेस या पियानोवादक बाईंनी त्या रिकाम्या इमारतीत दुपारच्या मैफली सुरू केल्या. तिकीट एक शिलिंग. पुढे १९४२ पासून दर महिन्याला एक, फक्त एक चित्र परत आणून टांगू लागले, आणि ते बघायला लोक येत. शहर जळत असताना 'लोकांना याची काय गरज' असं कुणी म्हटलं नाही, हे आठवून मला आजही भरून येतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये भाचा अमरावतीच्या चुनखडीतल्या शिल्पांसमोर थांबला. आपल्या विदर्भातली अमरावती नव्हे, आंध्रातली. त्या स्तूपाच्या भिंतीवरची माणसं, घोडे, झुकलेल्या बायका बघता बघता त्याचा चेहरा उतरला. "ही इथे का, आत्या?" त्याचा राग रास्त होता आणि माझ्याकडे त्यावर सांत्वन नव्हतं. फुकट दाखवलं म्हणून नेलेलं परत दिल्यासारखं होत नाही. या शहरावर माझं प्रेम आहे, आणि त्या दालनात दर वेळी माझा जीव त्याच्यावर चिडतो.

पण त्याच इमारतीच्या वाचनालयात १९२१-२२ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिवसचे दिवस बसून वाचत. हाताशी पैसा अगदी बेताचा, आणि तिथे बसायला पैसा लागत नव्हता. ते राहत ते घर, १० किंग हेन्रीज रोड, प्रिमरोझ हिल टेकडीच्या जवळ आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. एका रविवारी आम्ही ते घर पाहिलं आणि मग टेकडीवर जाऊन बसलो. खाली सगळं शहर दिसत होतं. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते इथून परत गेले आणि पाच वर्षांत चवदार तळ्यावर जावं लागलं." तळं सार्वजनिक, असं कागदावर लिहून झालेलं होतं. पाणी प्यायला मात्र १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक या शब्दाचा खरा अर्थ बाबासाहेबांनी आपल्याला महाडला शिकवला, तो शिकायला लंडनला यायची गरज नाही. आपण तो इतक्या लवकर विसरावा याचं मला वाईट वाटतं.

आता इथलं नाही आवडत तेही सांगते. रस्त्यावर स्वच्छतागृह शोधणं म्हणजे छळ आहे. गेल्या पंधरा वर्षांत पैशांच्या कपातीमुळे मोहल्ल्यांतली कितीतरी वाचनालयं बंद झाली, आणि ज्यांनी ती बंद केली त्यांचं मला कौतुक नाही. पण सगळ्यात जास्त जाणवतं ते हे, की जागा मिळते आणि सोबत मिळत नाही. वुलिचच्या बोटीवर पन्नास माणसं पन्नास दिशांना बघत उभी असतात. प्रॉम्स या संगीतमहोत्सवात आठेक पौंडांत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उभं राहून जगातले उत्तम वाद्यवृंद ऐकता येतात. ही स्वस्त तिकिटांची रीत १८९५ पासूनची आहे. एकदा मी अशी दोन तास उभी होते. शेजारचे गृहस्थ शेवटी मान हलवून हसले, बस, तेवढंच. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात भारतीय बैठकीवर बसलं की पहिल्या रागाआधीच शेजारची बाई डबा उघडून लाडू पुढे करते, तुमचं गाव विचारते, आणि भैरवीपर्यंत तुमच्या मुलीसाठी स्थळही सुचवते. गणपतीत रात्रभर पुण्याचे देखावे बघत फिरणं, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मध्यरात्रीचा वारा खाणं, दिवाळी पहाट. यांतलं काहीही पौंड मोजून इथे मिळत नाही. एवढी बोलकी, एवढी घोळक्यात रमणारी माणसं आपल्याकडे आहेत, मग त्यांना टेकायला जागा देताना आपण इतका हात आखडता का घेतो, ते मला समजत नाही.

हाइड पार्क पहाटे पाचला उघडतं आणि मध्यरात्री बारापर्यंत उघडं असतं. हिरवळीवर लोक झोपतात, खातात, भांडतात, चेंडू खेळतात. हिरवळ मरत नाही. मरायला आली तर तेवढा तुकडा दोरी लावून काही दिवस विसाव्याला ठेवतात. आपल्याकडे 'हिरवळीवर बसू नये' ही पाटी वाचायला मूल 'अ आ इ ई' नंतर लगेच शिकतं.

डिसेंबरात भाचा सुट्टीला घरी गेला. इथल्या रविवारांची सवय लागलेली, म्हणून दुसऱ्याच दिवशी आजीला, म्हणजे माझ्या आईला, घेऊन दुपारी बागेत निघाला. आईचे गुडघे दुखतात, पण नातू नेतो म्हटल्यावर ती नवं लुगडं नेसून तयार झाली. बागेच्या फाटकाला कुलूप होतं. आत झाडांखालची बाकं रिकामी होती, छान सावली पडली होती. वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. त्याने विचारलं, "काय काम आहे?"

आई म्हणाली, "नुसतं बसायचंय, बाबा."

"चारला या."

वॉचमनचा त्यात दोष नव्हता, त्याला तसंच सांगितलेलं होतं. समोर एका बंद दुकानाची पायरी होती. दोघं तिथे बसले. आईने पिशवीतून संत्रं काढलं, अर्धं नातवाला दिलं, एक फोड वॉचमनलाही नेऊन दिली. त्याने ती घेतली आणि आपली खुर्ची उचलून आईला आणून दिली, फाटकाबाहेर.

भाच्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे फेस्टिव्हल हॉलमध्येच बसले होते. आपल्या गावांत माझं मत आता नाही, तुमचं आहे. पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले की रस्ते आणि पाणी यांच्याबरोबर हेही मागा : बागेचं फाटक दुपारी उघडं ठेवा. माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे.