क्रूझवर निघालात? समुद्रात यूपीआय चालत नाही. पैशाची तयारी घरूनच करा

खत-बियाणे कंपन्यांची डीलर टूर, पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या पोरांनी आई-वडिलांना दिलेली ट्रिप, नाहीतर चार-पाच कुटुंबांनी मिळून काढलेली सहल. अशा कारणाने आता गावाकडची माणसंही मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर जातात. तिकिटात राहणं आणि बरंचसं जेवण येतं, म्हणून पैशाचा प्रश्नच नाही असं अनेकांना वाटतं. खरी अडचण बोटीवर चढल्यावर कळते, आणि तेव्हा ना गावची बँक जवळ असते, ना फोनला रेंज.

बोटीवर व्यवहार कसा चालतो?

क्रूझवर दुकानात किंवा हॉटेलात प्रत्येक वेळी नोटा काढून द्यायची पद्धत सहसा नसते. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच उधारीचं खातं. कोल्ड्रिंक, खास हॉटेलातलं जेवण, फोटो, मसाज, वायफाय, जे घ्याल ते त्या कार्डावर चढतं. गावच्या किराणा दुकानातल्या वहीसारखंच समजा. शेवटच्या दिवशी हिशोब होतो आणि एकदम बिल हातात येतं.

या खात्यासाठी सुरुवातीलाच दोन पर्याय विचारतात. एक, डेबिट किंवा क्रेडिट कार्ड जोडायचं. दोन, काउंटरवर रोख रक्कम जमा करायची. रोख ठेवली तर तेवढ्यापुरताच खर्च होतो आणि उरलेले पैसे शेवटी परत मिळतात. ज्यांना हात आखडता ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी ही रीत बरी. मात्र प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्या.

डेबिट कार्ड जोडताना इथे फसगत होते

कार्ड जोडलं की बोटीची कंपनी अंदाजाने काही रक्कम अडकवून ठेवते. याला 'होल्ड' म्हणतात. क्रेडिट कार्ड असेल तर बँकेने दिलेली मर्यादा अडकते. डेबिट कार्ड असेल तर तुमच्या खात्यातले स्वतःचे पैसे अडकतात. खर्च कमी झाला तरी उरलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस जातात.

आता समजा, खात्यात ३०,००० रुपये आहेत आणि त्यातले १५,००० अडकले. त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचा १८,००० चा हप्ता कापला जायचा आहे. पासबुकात रक्कम दिसते, पण हप्ता परत जातो, दंड लागतो आणि पुढचं कर्ज घेताना ती नोंद आडवी येते. म्हणून ज्या खात्यातून हप्ता किंवा विम्याचे पैसे कापले जातात, त्या खात्याचं कार्ड बोटीवर देऊ नका. सहलीपुरते पैसे दुसऱ्या खात्यात टाका आणि त्याच खात्याचं कार्ड वापरा.

किसान क्रेडिट कार्डाचं तर नावच नको. त्या कार्डातून निघणारे पैसे पीककर्जाचे असतात, ते सहलीत गेले तर खत-बियाण्याला हात रिकामा राहतो.

यूपीआय का चालत नाही?

किनारा सोडून बोट आत गेली की थोड्याच वेळात मोबाईलची रेंज जाते. रेंज नाही म्हणजे इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणजे स्कॅन करून पैसे देणं नाही. बँकेचा ओटीपीही येत नाही. त्यामुळे 'बोटीवरून मुलाकडून मागवून घेऊ' हा भरवसा धरू नका.

बोटीवर वायफाय असतं, पण ते बऱ्याचदा विकत घ्यावं लागतं. दुसरा धोका रोमिंगचा. काही बोटींवर उपग्रहावर चालणारं वेगळं नेटवर्क असतं. फोन आपोआप त्याला जोडला गेला तर नेहमीचा रिचार्ज तिथे लागू पडत नाही आणि बिल फार येतं. बोट सुटली की फोन फ्लाइट मोडवर टाका. फोन लावायचा, पैसे पाठवायचे ते बंदरावर उतरल्यावर.

मग रोख किती ठेवायची?

रोख लागते ती मुख्यतः बोटीबाहेर. गोव्यात उतरल्यावर रिक्षा-टॅक्सी, लक्षद्वीपच्या बेटावर शहाळं, छोट्या दुकानातली खरेदी. लक्षद्वीपला एटीएम मोजकीच आहेत, म्हणून तिथे उतरण्याआधी पैसे जवळ हवेत. ५०, १०० आणि २०० च्या नोटा जास्त घ्या, ५०० ला सुट्टे मिळणं अवघड.

पैसे मुंबईला पोहोचण्याआधी आपल्या बँकेच्या एटीएममधून काढा. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला मोठ्या महानगरात ३ आणि इतर ठिकाणी ५ व्यवहार फुकट असतात. त्यानंतर १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी पैसे काढायला २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि वर कर लागतो. मोठ्या बोटींवर एटीएम असतं, पण त्याचं शुल्क बाहेरच्यापेक्षा जास्त असतं.

सगळी रोख एका पाकिटात ठेवू नका. खोलीत छोटी तिजोरी असते, तिचा नंबर आपणच टाकायचा असतो. निम्मे पैसे तिथे, थोडे नवऱ्याकडे, थोडे बायकोकडे. एकाचं पाकीट हरवलं तरी सहल अडत नाही.

परदेशी क्रूझ असेल तर

- सिंगापूर किंवा दुबईहून सुटणाऱ्या बोटीवर हिशोब परदेशी चलनात होतो.
- जिल्हा बँकेचं किंवा जनधनचं रुपे कार्ड तिथे चालेलच असं नाही. शाखेत जाऊन विचारा.
- नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेतून ते सुरू करावे लागतात. परत आल्यावर बंद करायला विसरू नका.
- एका प्रवासात साधारण ३,००० डॉलरपर्यंतच्या परदेशी नोटा नेता येतात. भारतीय रुपये २५,००० पर्यंत.
- ५०,००० रुपयांपासून पुढचं परदेशी चलन रोख देऊन मिळत नाही, त्याचे पैसे बँकेतूनच द्यावे लागतात.
- कार्ड मशीनने 'रुपयात की तिथल्या चलनात' असं विचारलं तर तिथलं चलन निवडा. रुपयात घेतलं की दर सहसा महाग लावतात.

शेवटच्या रात्री बिल बघा

बिलात सेवाशुल्क रोजच्या हिशोबाने लावलेलं असू शकतं. खोलीतल्या फ्रीजमधली बाटली घेतली असेल तर तीही बिलात येते. लहान मुलांच्या कार्डावर खर्च बंद ठेवायला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर गेम खेळून पोरं बिल वाढवतात. चुकीची नोंद दिसली तर उतरण्याआधी, त्याच रात्री काउंटरवर जा. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका, ओळीवर बोट ठेवून विचारलं तरी चालतं. बिलाची प्रत आणि जमा रकमेची पावती जपून ठेवा.

बँकेचं कार्ड हरवलं तर ते ताबडतोब बंद करावं लागतं. त्यासाठी बँकेचा नंबर फोनमध्ये आणि वेगळ्या कागदावरही लिहून ठेवा. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० वर तक्रार करता येते. स्वस्त क्रूझ तिकिटाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि पैसे कुणाच्या खासगी नंबरवर मागितले, तर थांबा. आधी कंपनीच्या कार्यालयात फोन करून खात्री करा, मगच पैसे भरा.