पदक नसलेल्या मेबलचा मान

आज आम्ही तुमच्याशी अशा एका खेळाविषयी बोलणार आहोत, जो आपल्यापैकी बहुतेकींनी टीव्हीवरच पाहिला असेल. त्या खेळाचं नाव फिगर स्केटिंग. बुटाच्या तळाला पोलादी पातं लावायचं आणि गोठलेल्या बर्फावर घसरत जायचं. संगीताच्या तालावर गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या. फिगर म्हणजे आकृती. पूर्वी या खेळात पात्यानं बर्फावर आठच्या आकड्यासारख्या आकृत्या काढाव्या लागायच्या. आपण अंगणात बोटांनी रांगोळी काढतो, तशी ती पायांनी काढलेली रांगोळी. पंच खाली वाकून रेघ नीट आली का ते बघायचे.

अमेरिकेत हा खेळ फार लोकप्रिय आहे. तिथल्या स्केटिंग संघटनेनं १९७६ साली आपल्या थोर माणसांची एक मानाची यादी सुरू केली. तिला ते ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात, म्हणजे कीर्तिदालन म्हणा. या यादीत खेळाडू आहेतच, पण शिकवणारे आहेत आणि खेळासाठी खपलेले कार्यकर्तेही आहेत.

पहिल्याच वर्षी ज्यांना मान मिळाला, त्यांत टेनली अल्ब्राइट होत्या. अकराव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला होता. बरं झाल्यावर अंगात ताकद यावी म्हणून त्यांनी स्केटिंग पुन्हा धरलं. १९५६ साली ऑलिंपिकच्या आधी सरावात त्यांच्या एका पायाचं पातं दुसऱ्या पायाच्या घोट्यात घुसलं. तरी त्या उतरल्या आणि जिंकल्या. फिगर स्केटिंगमध्ये ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. पुढे त्या शल्यचिकित्सक झाल्या.

टेनलींना शिकवणाऱ्या मॅरिबेल विन्सन ओवेन यांनाही त्याच वर्षी मान मिळाला. त्या स्वतः नऊ वेळा राष्ट्रीय विजेत्या होत्या. पण सत्कार बघायला त्या हयात नव्हत्या. १५ फेब्रुवारी १९६१ या दिवशी जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा सगळा संघ विमान अपघातात गेला. बेल्जियममध्ये ब्रसेल्सजवळ विमान कोसळलं. अठरा खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक, पंच, घरची माणसं, कुणीच वाचलं नाही. मॅरिबेल आणि त्यांच्या दोन्ही मुली त्यातच गेल्या.

या संघाचा मान त्या देशानं दोन तऱ्हांनी केला. अपघातानंतर लगेच त्यांच्या नावानं एक निधी उभा राहिला. तरुण खेळाडूंच्या सरावाला आणि शिक्षणाला तो आजही पैसे देतो. आणि २०११ साली, पन्नास वर्षं झाल्यावर, तो अख्खा संघ मानाच्या यादीत घेतला गेला. कुणाकडे पदक होतं, कुणाकडे नव्हतं, हे बघितलं नाही. सगळ्यांची नावं एकत्र घेतली.

आता आम्हाला ज्या बाईविषयी खास सांगायचं आहे, ती मेबल फेअरबँक्स. मेबल कृष्णवर्णीय होती. लहानपणीच आईवेगळी झाली आणि पुढे न्यूयॉर्कला आली. स्केटिंग पाहून तिला वेड लागलं. गहाण वस्तू विकणाऱ्या दुकानातून तिनं जुने बूट घेतले. ते पायाला मोठे होते, म्हणून आत कापूस कोंबला. पण स्केटिंगच्या मैदानावर गेली की काळ्या माणसांना आत प्रवेश नाही, असं सांगून परत पाठवायचे. ती पुन्हा जायची. रोज जाऊन जाऊन शेवटी तिथल्या व्यवस्थापकानं तिला आत घेतलं. तिला फुकट धडे देणाऱ्यांत वर सांगितलेल्या मॅरिबेलही होत्या.

मेबल उत्तम स्केटिंग करू लागली, पण स्पर्धेत उतरणं तिच्या नशिबी नव्हतं. कारण नीट समजून घेऊ. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर आधी एखाद्या क्लबचं सभासद असावं लागे. आणि क्लब काळ्या माणसांना सभासद करून घेत नसत. म्हणजे ‘तू स्पर्धेत येऊ नको’ असं कुणाला तोंडानं म्हणायची गरजच नव्हती. पहिलं दार बंद ठेवलं की पुढची सगळी आपोआप बंद. आपल्याकडे खातं नाही म्हणून कर्ज नाही, आणि कागदावर नाव नाही म्हणून खातं नाही, असं बाईचं होतं ना, तसंच.

मग मेबलनं काय केलं? तिनं कार्यक्रमांतून स्केटिंग केलं, आणि लॉस एंजेलिसला जाऊन मुलांना शिकवायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे फी नसे त्यांना फुकट शिकवायची. तिचा शिष्य अटॉय विल्सन याला क्लबनं सभासद करून घ्यावं म्हणून ती झगडली. १९६६ साली तो राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिला आला. हे करणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. टाय बॅबिलोनिया आणि रँडी गार्डनर या मुलामुलीची जोडी मेबलनंच जमवली. १९७९ साली ही जोडी जगज्जेती झाली.

मेबलला मानाच्या यादीत १९९७ साली घेतलं. यादी सुरू होऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि तिचं वय ऐंशीच्या आसपास होतं. त्या यादीतली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. २००१ साली ती वारली. २०२१ साली तिच्या नावानं एक निधी सुरू झाला. मागं ठेवलेल्या समाजांतल्या मुलामुलींना तो मदत करतो.

मैत्रिणींनो, यातून आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मानाची यादी नुसती पदकं मोजून केली, तर जिला मैदानातच येऊ दिलं नाही ती त्यात कधीच येणार नाही. अन्याय एकदा स्पर्धेत होतो आणि दुसऱ्यांदा सत्कारात होतो. मेबलचं नाव आलं, कारण ‘किती जिंकलीस’ याच्या जोडीला ‘किती जणांना पुढे आणलंस’ हेही कुणीतरी विचारलं.

आपणही महिला दिनाला सत्कार करतो. बहुधा निवडून आलेली, नोकरी लागलेली, मोठा धंदा उभा केलेली बाई आपल्या डोळ्यांपुढे येते. त्यांचा मान व्हावाच. पण यादी पक्की करण्याआधी बैठकीत तीन प्रश्न विचारून बघा. दुसऱ्या बायांना सही, हिशेब किंवा मशीन कुणी शिकवलं? जिला संधीच मिळाली नाही, तरी जिनं काम सोडलं नाही, अशी कोण आहे? आणि वस्तीवरच्या कुठल्या बायकांचं नाव आजवर एकदाही घेतलं गेलं नाही?

आणखी एक. शाल कपाटात जाते. त्याऐवजी तिच्या नावानं गटात थोडी रक्कम बाजूला काढून एखाद्या मुलीच्या वह्या-पुस्तकांना दिली, तर तिचं नाव दरवर्षी घेतलं जाईल. आणि हा मान ती हयात असताना द्या. ऐंशी वर्षं वाट बघायला लावू नका.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.