बिनतारी कीबोर्ड घेताना

२०१७ साली जीएसटी लागू झाल्यावर महाड-पोलादपूरच्या पुष्कळ दुकानांत बिलासाठी संगणक आला. आता मुले म्हणतात, खेळासाठीचा भारी बिनतारी कीबोर्ड घ्या. घेण्यास हरकत नाही. दिवसा दुकानाचे काम आणि रात्री मुलांचा खेळ, दोन्ही एकाच कीबोर्डावर होऊ शकते. मात्र निवड पारखून करावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम, उजवीकडची आकड्यांची बटणे पाहावीत. खेळाच्या अनेक कीबोर्डांत जागा वाचवण्यासाठी ती काढलेली असतात. ईदच्या गर्दीत वरच्या ओळीत आकडे शोधताना १५५० चे १५५ झाले, तर फटका गल्ल्याला बसतो.

दुसरी बाब जोडणीची. ब्लूटूथपेक्षा सोबत मिळणारा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर सहसा जलद असतो. तो संगणकामागे पत्र्याआड न लावता छोट्या वायरीने पुढे आणावा. वायर जोडूनही चालणारा कीबोर्ड घेतल्यास बॅटरी उतरली तरी काम अडत नाही.

तिसरी बाब बटणांची. साध्या कीबोर्डात सर्व बटणांखाली बहुधा एकच रबरी पडदा असतो. मेकॅनिकल प्रकारात प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच असतो. 'हॉट-स्वॅप' कीबोर्डात बिघडलेला स्विच घरीच बदलता येतो.

रंगीत दिवे बॅटरी खातात. त्यांच्यापायी जादा पैसे देणे म्हणजे इसराफच. पक्के बिल घ्यावे, हमीची मुदत विचारावी आणि प्रत्येक बटण दाबून पाहावे. कापडही आपण हात लावूनच घेतो.