नजर चुकवणारं मूल : भेदरलेलं की स्वमग्न?

हाक मारली तरी वळत नाही, नजरेला नजर देत नाही, अंगाला हात लागला की आक्रसतं. अशा मुलाच्या वाट्याला मारहाण किंवा आबाळ आलेली असली, की तपासणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, हा ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. दुसरा म्हणतो, पोर घाबरलंय, बाकी काही नाही. या ‘हे की ते’मध्येच निम्मे गैरसमज दडलेले आहेत.

सर्वांत जुना गैरसमज : आईची माया आटली की मूल स्वमग्न होतं. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकाने तो घरोघर पोचवला आणि कित्येक आयांना विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडं स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. घर तेच, आई तीच. फरक आनुवंशिकतेचा होता.

मग आबाळीमुळे ऑटिझमसारखं काही होतच नाही, असं म्हणावं तर तेही चूक. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली आणि पुढे अनाथालयं भरून वाहू लागली. ओळीने मांडलेले पाळणे, बोलायला कुणी नाही, कडेवर घ्यायला कुणी नाही. १९८९ च्या डिसेंबरात त्याची सत्ता कोसळली आणि यातली अनेक मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली. रटर आणि सहकाऱ्यांनी रुमानियातून दत्तक आलेल्या १६५ मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. १९९९ च्या अहवालात तपासलेल्या १११ मुलांपैकी सुमारे ६ टक्के मुलं ऑटिझमसारखी वागत होती. पण ठसा थोडा निराळा होता. मुली जवळपास मुलांइतक्याच होत्या, माणसांविषयीची ओढ जास्त होती आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान बऱ्याच जणांची लक्षणं सौम्य झाली. रटर यांनी याला ‘क्वासी-ऑटिझम’ म्हटलं. मायेने सगळं भरून निघतं असं मानणाऱ्यांना मात्र २०१७ चा अहवाल निराश करतो : सहा महिन्यांहून जास्त काळ त्या संस्थांत काढलेल्यांपैकी अनेकांत ही लक्षणं तरुणपणीही टिकून होती. त्याच गटातल्या साधारण पाचव्या हिश्शाला मात्र कधीच अडचण आली नाही.

छळाचा पुरावा मिळाला की शोध संपला, असंही समजलं जातं. प्रत्यक्षात तिथून तो सुरू व्हायला हवा. २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, ८,००० हून अधिक स्वीडिश जुळ्यांच्या अभ्यासात छळ सोसलेल्या मुलांत ऑटिझम, एडीएचडी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं) यांसारख्या अनेक अडचणी एकत्र असण्याचं प्रमाण खूप जास्त दिसलं. छळ न झालेल्या जुळ्या भावंडाशी तुलना केल्यावर या संबंधाचा बराचसा भाग आनुवंशिक निघाला. म्हणजे एकाच मुलाला जन्मजात वेगळेपण आणि घरचा मार, दोन्ही असू शकतात. (दोष मुलाचा, असा अर्थ कुणी काढू नये.)

एका चाचणीत उलगडा होतो, हा गैरसमज तर तज्ज्ञांनाही चिकटतो. हेदर मोरन यांनी २०१० मध्ये मांडलेला ‘कॉव्हेन्ट्री ग्रिड’ हा तक्ता गुण देत नाही, बारकावे पाहायला शिकवतो. स्वमग्न मूल घास नाकारतं तो बहुधा त्याच्या स्पर्शामुळे. उपाशी राहिलेलं मूल पोळी उशीखाली लपवतं. दिनक्रम बदलला तर पहिलं क्रम मोडला म्हणून बिथरतं, दुसरं आता काय वाईट होणार या धास्तीने. मार खाल्लेलं मूल मोठ्यांचा चेहरा अनेकदा बारकाईने वाचतं. ग्लासगोच्या हेलन मिनिस यांच्या गटाने तर प्रतीक्षालयातच निरीक्षण केलं : मूल अनोळखी माणसाच्या थेट मांडीवर जाऊन बसतं का? अशी सलगी अनेकदा आबाळीकडे बोट दाखवते.

आपल्याकडे ऑटिझम तपासायला ४० मुद्द्यांची ‘आयसा’ ही भारतीय मापनपट्टी आहे. तिच्यासाठी निरीक्षणाबरोबर पालकांशी बोलणंही लागतं. बालगृहातल्या मुलाचं बाळपण सांगायला मात्र कुणीच नसतं. मग अंगणवाडीची नोंद, शेजारीण, मोठं भावंड असं तुकड्या-तुकड्याने जुळवावं लागतं.

निदान होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचीही गरज नाही. रोजचा क्रम चित्रांतून दाखवणं, हात लावण्याआधी सांगणं, रोज तेच माणूस समोर असणं, हे दोन्ही शक्यतांत चालतं. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं की कोणती लक्षणं ओसरली आणि कोणती तशीच राहिली, ही नोंदही तपासणीच्या कागदावर यायला हवी.