एकच पोर्टफोलिओ सगळीकडे पाठवताय? भामरागडच्या उमेदवाराने कुणाला काय दाखवावे

पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी पावसाळ्यात नेहमीची. अशा दिवसांत मुलाखतीला पुणे-नागपूर सोडाच, आलापल्ली गाठणेही अवघड. म्हणून उमेदवाराआधी त्याचे काम पोहोचायला हवे. डिजिटल पोर्टफोलिओ म्हणजे तेच, केलेल्या कामाचे नमुने एका लिंकवर. मात्र एकच लिंक सगळ्यांना पाठवली की बहुतेक ठिकाणी ती वाया जाते.

समजा, तालुक्यातल्या एका पदवीधर माडिया तरुणीने लहान मुलांसाठी माडिया-मराठी शब्दांचे ॲप तयार केले आहे.

सॉफ्टवेअर कंपनीला काय दाखवावे?
गिटहबवरचा कोड, ॲप चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि सोडवलेली अडचण. नेटवर्क नसतानाही चालावे म्हणून शब्द फोनमध्येच साठवले असतील, तर ही ओळ सगळ्यात वर हवी. शहरातल्या अनेक उमेदवारांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

शिक्षण किंवा आरोग्य क्षेत्रातल्या संस्थेला?
इथे कोड बहुधा कुणी उघडणार नाही. माडिया ही द्रविड कुळातली भाषा, मराठीहून अगदी वेगळी. त्यामुळे पहिलीतले मूल आणि शिक्षक, रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात दुभाषा लागतो. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आले, तेव्हा त्यांनाही आधी माडिया शिकावी लागली. तरीही आपली मुले बायोडेटात ‘भाषा’ हा रकाना सगळ्यात खाली, तोही ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ एवढाच भरतात! या संस्थांसाठी ‘माडिया मातृभाषा’ ही पहिली ओळ असावी. त्याखाली शब्द कोणाकडून गोळा केले, कसे तपासले आणि मुलांनी ॲप कसे वापरले, हे साध्या मराठीत लिहावे.

सरकारी भरतीत?
पोर्टफोलिओ सहसा कामाचा नाही. जाहिरातीत मागितलेली अर्हता, जात प्रमाणपत्र, जात वैधता, रहिवासी दाखला आणि ठरलेल्या केबीतला फोटो-सही, एवढेच बघतात. हे सगळे स्कॅन करून वेगळ्या खासगी फोल्डरमध्ये ठेवावे. आधार किंवा जातीचा दाखला सार्वजनिक लिंकवर कधीच नको. घरचा पत्ताही नको. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय टाकू नयेत, ते कितीही ‘छान’ आले असले तरी.

सगळे नमुने एका मूळ फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येकासाठी त्यातले तीन-चारच निवडावेत. पीडीएफ एक-दोन एमबीची असली, तर कमकुवत नेटवर्कवरही अपलोड होते.

पाठवण्याआधी लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा. गुगल ड्राइव्हवरची फाइल ‘रिस्ट्रिक्टेड’ राहिली, तर समोरच्याला परवानगी मागावी लागते. ती मागणारा मेल भामरागडात रेंज परत आल्यावर दिसतो, आणि तोवर तिकडे मुलाखतीची यादी लागलेली असते.