वाळूचा चढ आणि किलोकिलोचा हिशेब

अबुधाबी अमिरातीच्या दक्षिणेला, रुब अल खाली वाळवंटाच्या काठावर लिवा नावाचं मरूद्यान आहे. तिथला तल मोरीब हा सुमारे 300 मीटर उंचीचा वाळूचा डोंगर. हिवाळ्यात लिवा महोत्सवात त्याच्या चढावर गाड्यांच्या शर्यती लागतात. डोंगरातल्या भुसभुशीत बर्फावर स्नोमोबाइलला, म्हणजे पट्ट्यावर धावणाऱ्या बर्फगाडीला, न रुतता चढ चढण्याचं जे कोडं सोडवावं लागतं, तेच इथे वाळूवर सोडवायचं असतं.

कोरडी वाळू साधारण 34 अंशांपर्यंतच उतार धरते. एवढ्या चढावर गाडीच्या दर 100 किलोंमागे 56 किलोंचा ओढा तिला खाली खेचतो. शिवाय 45 अंश सेल्सिअसची हवा 20 अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा सुमारे 8 टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. स्नोमोबाइलला हा फटका उंचीमुळे बसतो. मोठं इंजिन महाग, म्हणून दोन्हीकडचे हौशी लोक वजन घटवण्याच्या मागे लागतात.

पण वाळूत खरा शत्रू असतो तो रुतणं. चाक खोल गेलं की समोर वाळूची भिंत साचते आणि इंजिनाची सगळी ताकद ती ढकलण्यात जाते. स्नोमोबाइलचा रुंद, लांब पट्टा वजन पसरवतो. मोटारीला हे काम टायरकडून करून घ्यावं लागतं. दोन टनांची गाडी 35 पीएसआय हवेवर जेमतेम 813 चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकते. हवा 15 पीएसआयवर आणली की हे क्षेत्र दुपटीहून अधिक होतं. टायर रुंद होतो त्यापेक्षा लांबीला जास्त पसरतो, आणि त्यामुळेच तो वाळूवर तरतो. यात गाडीचं वजन एक ग्रॅमही कमी होत नाही आणि खर्च शून्य. माझ्या मते वजन घटवण्यासाठी पैसा काढण्याआधी हे शिकावं. मात्र इतक्या कमी हवेवर गर्रकन वळलात तर टायर रिमवरून सुटू शकतो.

त्यानंतर फुकटात घटवता येणारं वजन. टपावरचं कॅरिअर आधी उतरवा. ते गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतं आणि तिरक्या उतारावर गाडी उलटायचा धोका वाढवतं. शेवटची आसनरांग रिकामीच जाणार असेल तर काढून घरी ठेवा. 100 लिटर पेट्रोलचं वजन 74 किलोंच्या आसपास भरतं, तेव्हा जवळच्या फेरीला जादा कॅन कशाला? राखीव साठा मात्र हवाच. पैसे खर्चायचेच असतील तर हलक्या चाकांवर खर्चा: चाकाच्या कडेचा एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंइतका जड पडतो. हलक्या लिथियम बॅटरीचा मोह बाजूला ठेवा. बॉनेटखालची आखाती उष्णता तिचं आयुष्य खाते.

दुबई-शारजातली आपली कितीतरी मराठी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी वाळवंटात जातात. त्यांना कळकळीनं सांगणं आहे: माणशी निदान 5 लिटर पाणी, फावडं, ओढायचा पट्टा, अग्निशामक आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर यांतलं काहीही वजनाच्या नावाखाली घरी ठेवू नका. एकट्या गाडीनं जाऊ नका. आणि डांबरी रस्ता लागताच टायरमध्ये पूर्ण हवा भरा. कमी हवेचा टायर महामार्गाच्या वेगात तापून फुटतो.