गाडीने किती हिवाळे काढले?

डेट्रॉइट शहराच्या पोटात, जमिनीखाली साडेतीनशेहून अधिक मीटरवर, मिठाची खाण आहे. मोटारींवर मोठे झालेले हे शहर मोटारींच्या वैऱ्यावरच बसले आहे म्हणायचे. तेच मीठ वर काढून हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर पसरतात. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कचा उत्तर भाग हा सारा टापू अमेरिकेत ‘सॉल्ट बेल्ट’ म्हणून ओळखला जातो.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेली आपली मुलेही पहिली गाडी बहुधा सेकंडहँड घेतात. किती मैल पळाली ते बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, एक चक्कर मारून आणतात. आपल्याकडे गाडी पाहायची हीच रीत. तिकडे मात्र मैलांच्या आधी विचारायला हवे, की गाडीने किती हिवाळे काढले आणि कुठे?

मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. प्रयोगशाळेत मिठाचे संपृक्त पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते. रस्त्यावर मात्र उणे नऊ-दहाच्या खाली साध्या मिठाचा जोर ओसरतो. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची मदत घेतात. अनेक ठिकाणी हिमवादळाचा अंदाज आला की आधीच खारे पाणी फवारून ठेवतात. रस्त्याला ते छान चिकटते आणि गाडीच्या पोटालाही.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. मीठ त्या पाण्यातून विजेचे वहन सोपे करते, आणि त्यातले क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडते. केंब्रिजचे यु. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात लोखंडाच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवून हे दाखवले. थेंबाच्या कडेला हवा भरपूर, मध्यभागी कमी. आणि पत्रा खाल्ला जातो तो मध्यभागी. हवा जिथे पोचत नाही तिथेच धातू झिजतो. म्हणून गाडीचा उघडा पत्रा बराच काळ तग धरतो आणि दोन पत्र्यांचा सांधा, दाराखालची पोकळ पट्टी, चाकावरच्या कमानीची आतली घडी आधी जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंग आतून उचलला जातो. समुद्राकाठच्या मुंबईत इमारतींच्या सळ्या काँक्रीट फोडतात, तेही याच जोरावर.

आता गंमत अशी, की कडाक्याच्या थंडीत हे काम मंद चालते. रासायनिक क्रियांना ऊब लागते. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते ना, तेच गाडीच्या सांध्यात अडकलेल्या मिठाचे होते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ ओलावा ओढून विरघळते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडला तर तेहतीस टक्क्यांच्या आसपासही पुरते. म्हणजे बर्फ वितळून गेला तरी जुलैच्या दमट रात्री गंज सुरूच. मिशिगनची गाडी टेक्सासला नेऊन विकली म्हणून तिची सुटका होत नाही, मीठ तिच्यासोबत जाते. ‘रोज रात्री उबदार गॅरेजमध्ये असायची’ असे मालकाने कौतुकाने सांगितले, तर मी जरा जास्तच वाकून बघेन. खारट चिखल गोठून पडण्याऐवजी तिथे रातभर ओला आणि कोमट राहतो.

कंपन्यांनी यावर जस्ताचा उपाय केला. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पोर्शने १९७०च्या दशकातच ९११चा सांगाडा जस्तलेपित पत्र्याचा केला, पुढे ही पद्धत सर्वदूर पसरली. त्यामुळे आजची दहा वर्षांची गाडी वरून चकाचक दिसते. फसगत होते ती इथेच, कारण ब्रेकचे पोलादी पाइप, स्प्रिंगच्या बैठका आणि खालची चौकट यांना पत्र्याइतके संरक्षण मिळतेच असे नाही. टोयोटाने २०१६ मध्ये टॅकोमा आणि तिच्या भावंडांच्या गंजलेल्या चौकटी तपासून गरजेनुसार बदलून देण्याची तडजोड न्यायालयात मान्य केली. तिचा अंदाजे खर्च ३.४ अब्ज डॉलरपर्यंत सांगितला गेला.

न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियात गाडीची दरवर्षी तपासणी होते. मिशिगनमध्ये तशी सक्ती नाही. तेव्हा पैसे मोजण्याआधी स्वतःच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवावी. मालकाच्या ओळखीतल्याकडे नको. दाराखालच्या पट्टीवर चुंबक फिरवावा. पोलादी पत्र्यावर तो मध्येच पकड सोडत असेल, तर तिथे पुट्टी भरलेली असू शकते. विक्रीच्या तोंडावर मारलेले काळेभोर अंडरकोटिंग मला गंजापेक्षाही संशयास्पद वाटते. नोंदणीचा इतिहास काढला की गाडी कोणकोणत्या राज्यांत राहिली ते कळते.

सायलेन्सरवरचा किंवा जाड भागांवरचा वरवरचा तांबूस थर फारसा मनावर घेऊ नये, तिथल्या बहुतेक गाड्यांवर तो असतोच. ब्रेकचे पाइप सोलल्यासारखे, पापुद्रे सुटलेले दिसले तर तांबे-निकेलचे नवे पाइप टाकण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा, आणि ते बसेपर्यंत गाडी चालवू नये. चौकटीत मात्र स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आत गेले, तर भाव न करता दुसरी गाडी बघावी. ॲरिझोनाची उन्हाने रंग उडालेली, डॅशबोर्ड तडकलेली गाडी समोर आली तर मी तिलाच पसंती देईन. तिचे बोल्ट पाना लावला की सुटतात, मिशिगनच्या गाडीचे बरेचदा गॅसच्या ज्योतीने तापवावे लागतात, आणि मेकॅनिक त्या वेळेचेही पैसे लावतो.